मनकर्णाबाईचा खोकला

वलगावात मनकर्णाबाईचा खोकला कोणाला नवा नव्हता. जुनाट दमाच तो! पहाटे ती खोकली की गल्ली म्हणायची, "उठली वो माय." कुरडयांच्या दिवसांत चीक घोटायला तीच लागे. मध्येच ढास लागली तर शेजारची कौशल्या तिच्या हातातला चाटू घ्यायची, पाठ चोळायची. कोणी नाक मुरडलं नाही.

मग कोरोना आला आणि तोच खोकला एकाएकी गुन्हा झाला. घ्या! नवरा कधीचाच गेलेला, लेक श्याम अकोल्याला अडकलेला, बाई घरात एकटी. खोकला आला की ती तोंडात पदराचा बोळा कोंबायची, गोधडीत डोकं खुपसायची. 'नेतीन मले गाडीत घालून, अन् मंग तोंडबी नाही दिसनार कोनाले,' हे एकच भेव मनात घर करून बसलं. घास उतरेना, डोळा लागेना. मरणाची भीती होतीच, पण कधी कधी मरणच बरं वाटायचं. खरंच वाटायचं.

त्यात कोणीतरी पुडी सोडली, धुरानं कोरोना पळते. झालं! रोज दिवेलागणीला गल्लीत गोवऱ्या अन् कडुनिंबाचा पाला पेटू लागला. दम्याच्या माणसाला धूर म्हणजे जहर, हे गल्लीला ठाऊक नव्हतं का? होतं. पण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचं काय आठवतं!

एका संध्याकाळी बाईची छाती पार आवळून आली. तोंडात पंप मारला, पण धूर दाराखालून येतच होता. शेवटी तिनं दार उघडलं. समोर कौशल्याच धुरीचं घमेलं घेऊन उभी.

"कौशल्या, धूर नको करू वो. मले..." पुढं खोकलाच आला.

कौशल्या नाकाला पदर लावून मागं सरली. डोळे भरले होते तिचे. "घरात लहानशी नात हाय वो बाई, मी काय करू?" म्हणाली, आणि घमेल्यात आणखी पाला टाकला.

मनकर्णाबाईनं आपल्याच हातानं कडी लावली, फटीत ओलं लुगडं कोंबलं, तोंडात पदराचा बोळा. तेवढ्यात श्यामचा फोन आला.

"माय, आजकाल तुया खोकला आयकूच नाही येऊन राह्यला. बरं वाटते काय?"

तिनं तोंडातला बोळा काढला. "हो रे बापू, बंदच झाला म्हन," म्हणाली, आणि ढास यायच्या आत फोन ठेवला.