हेडफोनच्या रकान्याखालचे दोन एम

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. आईपाशी नाही, मित्रांपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही.

माझा हात चालतो. हे आधीच सांगून टाकतो. डोकं फिरलं की समोर काय आहे ते मी बघत नाही — किंवा बघतो, म्हणूनच मारतो. कोण जाणे.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हाची गोष्ट. सुतकात आमच्या घरी टीव्ही-रेडिओ बंद. आईनं, म्हणजे अक्कानं, बजावलं होतं, "तेरा दिन घरमा काहीच वाजाले नको." चौथ्या दिवशी बघतो तर माझी बायको रेखा कानात हेडफोन घालून लॅपटॉपवर ब्लाऊजच्या कटिंगचा व्हिडिओ बघतेय. ती शिलाई करायची. पारोळ्यात तिच्या हाताला नाव होतं. दोन शब्द बोललो असतो तर बंद केला असता ना तिनं? पण घर पाहुण्यांनी भरलेलं. ती उठल्यावर मी लॅपटॉप पुढे ओढला.

लॅपटॉप जुना, म्हणून त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं. त्यात अल्सामिक्सर नावाचा काळा पडदा उघडतो. आवाजाच्या प्रत्येक वाटेला एक उभा रकाना. हेडफोनच्या रकान्यावर गेलो, एमचं बटण दाबलं. खाली दोन एम उमटले — म्यूट, दोन्ही कानांची वाट बंद. आवाजाची नेहमीची पट्टी मात्र भरलेलीच दिसते. घे, ऐक आता, असं मनात म्हणालोसुद्धा. स्पीकर तर आधीच जळालेले होते.

तेरावं झालं. मी ते साफ विसरलो. नंतर महिनाभर त्या लॅपटॉपला कुणी हेडफोन लावलेच नाहीत.

महिन्याभरानं सकाळी अकराला माझी ऑनलाइन मुलाखत होती. पुण्याची कंपनी, काम घरबसल्या लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचं. हसू येतं? हसा. पडद्यावर साहेब बोलतायत, ओठ हलतायत, माझ्या कानात काही नाही. पिन काढली, घातली, फुंकली. पट्टी भरलेली. लॅपटॉप बंद करून चालू केला. परत आलो तर साहेब निघून गेलेले.

अल्सामिक्सर उघडायला किती वेळ लागला असता? — एक मिनिट. मी ते उघडलं नाही. मी रेखाकडे गेलो.

ती मशीनवर बसली होती. लॅपटॉपचं काय केलंस, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, "मी हात बी लायेल नही." मी हेडफोनची वायर हाताला गुंडाळली आणि तिच्या तोंडावर मारली. पिनेनं भुवई फाटली. रक्त बघून थांबायला हवं होतं — मला आणखी चेव आला. केस धरून तिला उठवलं आणि ढकललं. तिचा उजवा हात मशीनच्या लोखंडावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतरही एक लाथ घातली. ती का घातली? माहीत नाही. बरं वाटलं, एवढं खरं.

अक्का तिला धुळ्याला घेऊन गेली. मोरीत पाय घसरला, असं डॉक्टरांना सांगितलं.

घरात एकटा उरलो तेव्हा अल्सामिक्सर उघडलं. हेडफोनच्या रकान्याखाली दोन एम. मीच दाबलेले. बटण दाबलं, आणि आवाज आला.

अजून मी कबूल केलेलं नाही. मारलं, ते तर अक्कालाही माहीत आहे. मी सांगायला बसलोय ते पुढचं.

संध्याकाळी रेखा प्लास्टर घालून आली. दारातच तिनं विचारलं, आवाज लागला का. मी म्हणालो, लागला, तूच काहीतरी दाबून ठेवलं होतंस. ती जरा वेळ आठवत राहिली. मग चूक स्वतःवर घेत म्हणाली, "मन्हा हातथून दबाई गयं व्हई. माफ करा."

मी म्हणालो, बरं.

मनगट वाकडं जुळलं. कात्री धरता येत नाही, मशीन विकलं. मी नंतर हात उगारला नाही, पण ते काही मोठं नाही.

परवा शेजारची मुलगी फॉर्म भरायला आली. मी खुर्चीवर होतो. तिनं लॅपटॉपकडे हात नेला तशी रेखा आतून धावत आली. म्हणाली, "हात नको लावू माय. मन्हामुये यास्नी नोकरी गयी."

मुलीनं हात मागे घेतला. मी तिचा फॉर्म भरून दिला.