हौद भरला की!

तळघरातल्या भिंतीला ओल धरली आणि तिथे ठेवलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांना बुरशी लागली, तेव्हा कुणीतरी मोहोळकडचा एक वॉटरप्रूफिंगवाला पाठवला. नाव विचारायला त्यानं सवडच दिली नाही. आल्या आल्या भिंतीवर तळहात टेकवला आणि तापलेल्या पोराला चुचकारावं तसं म्हणाला, "लई भिजलीय हो बिचारी."

का भिजलीय, ते मलाही ठाऊक होतं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. मग अंगणातला हौद भरून वाहेपर्यंत आमच्याकडे नळ कुणी बंद करत नाही, आणि ते वाहिलेलं पाणी थेट तळघराच्या भिंतीत उतरतं.

त्यानं बाहेरची बाजू खणून लेप लावला आणि उलट मलाच दम भरला, "वाळंस्तवर थेंबबी पडू द्यायचा न्हाई."

दुपारी नळ आला. "तुमी जेवा, मी बगतो की," म्हणत तो हौदाशी बसला.

जेवून येतो तर हौद धो धो वाहतोय, लेप धुऊन चाललाय आणि हा पँट दुमडून पाण्यात उभा! माझं डोकंच सणकलं. "अहो, बघत होतात ना?"

"बगतोय की! लई दिसांनी असा भरल्याला हौद बगितला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आई आली आणि वाहत्या हौदाला हात जोडून उभी राहिली. चरफडत नळाकडे शेवटी मीच धावलो. पण खोटं कशाला बोलू, कॉक हातात धरून मीही जरा थांबलोच.