राजाला आठवेपर्यंत

देवाने जगातल्या प्रत्येक माणसाला किंचित चुकीच्या जागी उभे केले असून त्याला दोन पावले इकडेतिकडे सरकवण्याचे काम आपल्याकडे सोपवले आहे, अशी माझ्या मित्राच्या थोरल्या बहिणीची ठाम समजूत होती. दारावर येणाऱ्या भाजीवालीला ती पुन्हा कोपऱ्यापर्यंत पाठवत असे, कारण आधी आवाज यावा आणि मागून माणूस, हा क्रम त्या बाईने चुकवलेला असे. भाजीवाली कुरकुरत परत जाई. पण अशाने मेथी लवकर खपते, असे पुढे तीच इतरांना सांगू लागली. मित्राचे वडील शाळेत मास्तर होते आणि आमची सारी पेठ त्यांना वचकून असे. तेही एकदा वर्तमानपत्र वाचत असताना, चेहरा झाकला जातो म्हणून लेकीने सांगितल्याबरोबर ते खाली धरून बसले, आणि आपण कोणाचे ऐकले हे ध्यानात आल्यावर बराच वेळ रागावले. आम्ही पाचसहा मुले तेव्हा मॅट्रिकच्या अलीकडेपलीकडे होतो. ती आमच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण सगळे तिला ताई म्हणत आणि तिने सरकवले की सरकत.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात तिने राजा, आश्रमकन्या आणि हरवलेली अंगठी यांचे जुने संस्कृत नाटक आमच्याकडून बसवून घेतले. मात्र वनात कोणी प्रेम करते यावर सोलापुरात कोण विश्वास ठेवणार, असा तिचा सवाल होता. म्हणून राजा झाला कापड गिरणीचा साहेब, आश्रमकन्या झाली विणकराची मुलगी आणि अंगठीच्या जागी आला गिरणीच्या फाटकावर दाखवायचा पितळी बिल्ला. मुळात ती अंगठी मासा गिळतो. ताईच्या नाटकात बिल्ला म्हशीने गिळला होता आणि तो गोवऱ्या थापणाऱ्या बाईच्या हाती लागत होता. मास्तरांनी हे ऐकले तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिटले. शेवटही तिने बदलला. साहेबाला सारे आठवते, तो धावत येतो, आणि नायिका त्याला म्हणते, "आठवलं का? बरं झालं. मला आता कामाला उशीर होतोय."

ही नायिका मी होतो. कोणत्याच घरातून मुलगी मिळेना, आणि मास्तरांनी ताईला नाटक बसवायची परवानगी दिली होती ती रंगमंचावर पाऊल ठेवायचे नाही या अटीवर. माझी चाल सुधारावी म्हणून तिने मला लुगडे नेसवून रोज सार्वजनिक नळावरून घागरी आणायला लावल्या. चाल कितपत सुधारली ते ठाऊक नाही. त्यांच्या घरचे पाणी मात्र भरले गेले. मला त्याचे काही वाटत नसे. भर उन्हात, घराच्या छतावर, तापलेल्या माळवदावर, ती माझा पदर नीट करून दोन पावले मागे सरे आणि मान तिरकी करून पाही. तेवढ्यासाठी मी गावभर पाणी भरले असते.

प्रयोगाच्या संध्याकाळीच तिला पाहायला माळशिरसकडची मंडळी येणार असे ठरले. मुलगा तिकडच्या साखर कारखान्यात नोकरीला होता. तिला अजून एक वर्ष हवे होते आणि पुढचे नाटक तिच्या डोक्यात तयार होते. तिने वडिलांना शांतपणे सुचवले की पाहुण्यांना नाटकालाच बोलवावे, वेगळे पोहे कशाला. आम्हाला मात्र तिने पडद्यामागे खरे कारण सांगितले. "मला अशी धुळीत, ओरडताना बघितली की उठूनच जातील बघा."

शाळेचे सभागृह भरले होते. साहेब मला ओळखत नाही त्या प्रवेशात वीज गेली. शिट्ट्या सुरू झाल्या, मागच्या रांगा उठू लागल्या. तेव्हा विंगेतून ताई कंदील घेऊन सरळ रंगमंचाच्या मध्यावर आली. पहिल्या रांगेत मास्तर होते. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. "राजा आत्ताच विसरलाय," ती म्हणाली, "त्याला आठवेपर्यंत कुणी उठायचं नाही." लोक बसले. उरलेले सगळे नाटक तिने कंदील धरून उभ्याने करून घेतले; जो बोलेल त्याच्या तोंडाशी तो उजेड जाई.

प्रयोग संपल्यावर मुलाची आई नारळ घेऊन थेट आत आली आणि तिने माझी हनुवटी धरली. "पोरगी लई बाणेदार हाय की. उंचबी हाय. आवाज तेवढा बसलाय, पर सर्दी काय, जाईल." मी खाली मान घालून सांगितले, की काकू, मी मुलगा आहे. त्यांनी मला पुन्हा एकदा नखशिखान्त न्याहाळले आणि "आता गं बया" म्हणून त्या जवळच्या पेटीवर बसल्या. हसण्याचा कल्लोळ उडाला. दाराशी उभा असलेला त्यांचा मुलगा तेवढा हसला नाही. सगळे शांत झाल्यावर त्याने मास्तरांना विचारले, "कंदील घेऊन आल्या होत्या, त्या कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुगडे परत द्यायला गेलो. ताई माळवदावर एकटीच पडद्याची घडी घालत होती. मी दुसरे टोक धरले.

"मी हो म्हणणार आहे," ती म्हणाली. "काल जाताना ते म्हणाले, कारखान्याच्या वसाहतीत पटांगण मोठं आहे, संध्याकाळी माणसंही रिकामी असतात, नाटक बसवाल का. मला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं रे."

घडी घालता घालता आम्ही समोरासमोर आलो. तिने पडदा माझ्या हातातून घेतला आणि कोणत्याही नटाला कधी विचारले नव्हते ते मला विचारले. "तुला काय वाटतं?"

"चांगलंच आहे की, ताई."

नट अडला की ती विंगेतून पुढचा शब्द हळूच पुरवत असे. त्या सकाळी ती पडदा उराशी धरून बराच वेळ माझ्याकडे पाहत थांबली, पण शब्द तिने पुरवला नाही. मग खालून आईची हाक आली आणि ती जिना उतरून गेली.

आता माझी साठी उलटली आहे. त्या सकाळी म्हणायचे राहिलेले वाक्य मला केव्हाच पाठ झाले आहे.