एकोणपन्नासावं पान

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. तरी माझ्या राक्षस-पऱ्यांच्या गोष्टींची सहा पुस्तकं छापून आली आहेत. हे सुचतं कुठून, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगतो, भीतीतून.

वडील पुण्याकडचे, आई पानिपतची. दिल्लीत वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. जुनी पुस्तकं उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे ओळीने लावायचे, पुन्हा शिवायचे. लावायचं काम माझं. लावता लावता वाचायचो. माझी शाळा तीच.

एकदा मराठी वाचनालयाचं गोष्टींचं पुस्तक आणि एका शाळेचं हिंदी पुस्तक शेजारी-शेजारी उसवलेली होती. आकार एकच. मराठीतली राजकन्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर विहिरीत उतरली. मी पुढचा फर्मा उचलला, एकोणपन्नास आकडा पाहिला, ठेवला आणि वाचत राहिलो. तो हिंदी होता, वाळवंटातल्या उंटाच्या गोष्टीचा. मला कळलंच नाही. आमच्या घरात वडील वाक्य मराठीत सुरू करायचे, आई ते हिंदीत संपवायची!

पुस्तक वाचनालयात गेलं आणि उरलेला मराठी फर्मा हाती लागला. वाचनालयाचं काम गेलं तर वडिलांकडे दुसरं मोठं काम नव्हतं. गुपचूप तो फर्मा हिंदी पुस्तकात घुसवून शिवून टाकला. मग दारात सावली पडली की मी खळीच्या डब्यात मान घालायचो.

आठव्या दिवशी वाचनालयाचे गृहस्थ आलेच.

"अहो, हे काय बांधलंत? राजकन्येचा उंट कधी झाला?"

वडिलांनी पान पाहिलं, मग मला. "वाच. मोठ्याने."

राजकन्या विहिरीत उतरली, तिथवर वाचलं. पुढच्या पानावर जाताना तोंडातून निघून गेलं, "तळाशी पाणी नव्हतं, वाळू होती. वाळूत एक उंट तिची वाट बघत बसला होता." मग छापलेलं हिंदी वाचू लागलो.

गृहस्थांनी चष्मा सारखा केला. "हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग?"

"नाहीतर ती तिथून निघणार कशी?"

कोपऱ्यात खळ ढवळणारी आई म्हणाली, "ठीक तो कह रहा है. ऊँट ना होता तो छोरी मर जाती."

गृहस्थ हसले नाहीत. "उद्यापर्यंत नीट करून द्या. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे."

शाळेचं पुस्तक अजून दुकानातच होतं, मी ते पुढे सरकवलं. वडील दोन्ही पुस्तकांचे टाके कापत बसले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. काम राहिलं, माझी भीतीही राहिली.

परवा नोएडाला घरी माझ्या नव्या पुस्तकाची पहिली प्रत आली. नात पुडकं फोडायला धावली, तिला थांबवलं. नव्या पुस्तकाचं एकोणपन्नासावं पान आधी मीच उघडतो. त्या पानावर मी उंट घातला होता. संपादक म्हणाले होते, मराठी गोष्टीत उंट शोभत नाही, काढा.

नाही काढला. बघितलं, जागेवर होता.