राईस मिलमधली माझी नर्सगिरी

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. माणूस थोडा शिकलेला आणि बराच आगाऊ असला, की ते आपोआप साठतात. माझ्याकडे तर पोतंभर आहेत!

स्वराज्य यायच्या आधीची काही वर्षं मी गोंदियात नर्स होते. नागपूरहून ट्रेनिंग घेऊन नुकतीच आलेली, इस्त्रीची साडी, काखेत रजिस्टर. दवाखान्याने मला एका राईस मिलमधल्या बायकांची लहान मुलं तपासायचं काम दिलं. या बायका छत्तीसगडातून आणि सालेकशाकडच्या जंगलातून पोटासाठी यायच्या. गिरणीमागच्या झोपड्यांत राहायच्या, धान वाळवायच्या, पाखडायच्या आणि पावसाच्या तोंडावर गावी परतायच्या. सोबतीला मला भागरताबाई नावाची म्हातारी दाई दिली होती. ती शाळेत गेलेली नव्हती. त्यामुळे तिला बरंच कळायचं!

*

पहिल्याच दिवशी शेडमध्ये गेले, तर पोत्यांवर ओळीने पंधरा-वीस मुलं झोपलेली. भर दुपारी, यंत्रांच्या खडखडाटात! एक रडेल तर शपथ. मी खूश. रिपोर्टात झोकात लिहिलं, 'मुले अत्यंत शांत व समाधानी आहेत.'

डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सिस्टर, अफूने कुणीही समाधानी होतं!"

मी तरातरा परत गेले आणि दिसेल त्या पहिल्या आईला फैलावर घेतलं. "लाज नाही वाटत, लेकराला अफू चाटवायला?"

तिचं सूप थांबलं नाही. म्हणाली, "भूक लागली का रडते, बाई. रडला का मले उठा लागते. उठली का मुकादम हाकलते. यातलं काय बंद करू, सांगा?"

माझ्या रजिस्टरात या उत्तरासाठी रकाना नव्हता.

*

मग मी आहारावर भाषण द्यायचं ठरवलं. एक रंगीत तक्ता भिंतीला लावला. दूध, अंडी, पालक, आणि मधोमध हे एवढं लालबुंद सफरचंद! बायका जेवणाच्या सुट्टीत येऊन बसल्या. मी छडी घेऊन अर्धा तास बोलले.

"कुणाला काही विचारायचंय?"

एकीने सफरचंदाकडे बोट केलं. "हे गोड असते का आंबट?"

मी छडी सफरचंदावरून हळूच पालकावर नेली. भागरताबाई माझ्याकडे बघत होती.

"काऊन, बाई? तुमी बी नाई खाल्लं का?"

नव्हतं खाल्लं! आमच्या घरी तरी कुठे यायची सफरचंदं?

*

वजन घ्यायला गिरणीतूनच एक तागडी मागून घेतली. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात वजनं. ज्याचं वजन कमी, त्याला आईने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणायचं, असा कडक नियम केला. दवाखाना म्हणजे कामावर खाडा, आणि दोन खाडे झाले की जागा गेली, हे माझ्या गावीही नव्हतं.

पुढच्या महिन्यात चमत्कार! एकूण एक मूल वाढलेलं. दवाखान्यात यायची गरज कुणालाच नाही. मी मनातल्या मनात डॉक्टरसाहेबांची शाबासकीसुद्धा घेऊन टाकली.

तेवढ्यात भागरताबाईने एका बाळाच्या दुपट्याची गाठ सोडली. खळ्ळकन आवाज झाला.

"पोट्टं नाई वाढलं, बाई," ती म्हणाली, "गोटे वाढले!"

*

डॉक्टरसाहेबांनी एकदा सांगितलं, की तांदूळ पांढराशुभ्र केला की त्यातलं सत्त्व कोंड्यात जातं. झालं! दुसऱ्या दिवशी मी झोपडीझोपडीत सांगत सुटले, "कोंडा घ्या, पेजेत घाला, मुलं बाळसं धरतील."

बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझं ऐकलं. संध्याकाळी सहा जणी गेटवर सापडल्या. पदराच्या गाठीत कोंडा! मुकादमाने दरडावलं, तेव्हा सहाही जणी एका सुरात म्हणाल्या, "नर्सबाईनं सांगतलं!"

शेटजींनी मला बोलावून घेतलं. माणूस सभ्य होता. चहा दिला. मग हात जोडून म्हणाले, "बहनजी, भूसी हमारे बैलों की है. आप सिर्फ बच्चों का देखिए!"

त्या सहा जणींना चार दिवस कामावर घेतलं नाही. त्या चार दिवसांत त्यांच्या मुलांनी काय खाल्लं, हे विचारायला मी झोपड्यांकडे गेले नाही. रोज सगळ्यांना प्रश्न विचारत फिरणारी मी, तेवढं मात्र विचारायची हिंमत झाली नाही.

*

एका हिवाळ्यात मला मलेरियाने धरलं. तीन आठवडे अंथरुणात. उठून गिरणीत गेले, तर साडी अंगावर दांडीवर टाकल्यासारखी. सालेकशाकडची फुलमत मला पाहून धावतच आली. तिचा दोन वर्षांचा मंगरू माझ्या रजिस्टरात सगळ्यांत शेवटी होता, वजन सगळ्यांत कमी. तिने माझा हात धरला, झोपडीत नेऊन बसवलं आणि वाडगाभर गरम पेज पुढे केली. वर मिठाचा खडा.

"प्या."

पोटात आग पडली होती. मी पीत सुटले. तीन घोट झाल्यावर वर पाहिलं. मंगरू आईचं लुगडं धरून उभा होता आणि वाडगा जाईल तिकडे त्याचे डोळे जात होते. चुलीपाशी मडकं पालथं घातलेलं. विस्तवही विझलेला.

मी वाडगा खाली ठेवला. "फुलमत, ही मंगरूची आहे ना?"

तिने तो उचलून पुन्हा माझ्या हातात दिला.

"प्या, बाई. त्याले सवय हाय. तुमाले नाई."