वर राहिलेला हात

"वहिनी, निदान घरात तरी माझ्या चुका काढू नका!" धाकट्या दिराने ताट पुढे ढकललं.

"ऑफिसात काढल्या असत्या तर म्हणाला असतात, चारचौघांत इज्जत घालवली."

"पण चूक आहेच कुठे? आधी चालू मशीनमधून डिस्क ओढली की ते मिनिटभर गोठायचं. आता गोठत नाही. मंजुरी तुम्हीच दिलीत!"

तेच तर तिला खात होतं. दोघं हॉस्पिटलांसाठी मशीनं बनवणाऱ्या एकाच कंपनीत, डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामवर, म्हणजे ड्रायव्हरवर काम करायची. तो लिहायचा, ती तपासायची. चालत्या मशीनमधून डिस्क उपटून बघायची तिची खोड, म्हणून मागे सगळे तिला 'उपटसुंभ बाई' म्हणत. या वेळी मात्र तिने घाईत नुसता कागदावरचा कोड वाचला होता.

डिस्क वापरणारं प्रत्येक काम जणू हात वर करतं, आटोपलं की खाली घेतं. शेवटचा हात खाली आला की ड्रायव्हर त्या डिस्कची मेमरी मोकळी करतो. डिस्क ओढली की एक हात वरच राहायचा आणि त्याची वाट बघत मशीन गोठायचं. तो कुणाचा हे न बघता दिराने तो खाली ओढणारी ओळ टाकली. पण ते काम मेलेलं नव्हतं, फक्त संथ होतं. उशिरा उठून ते आपलं लिखाण पूर्ण करायचं, आणि तोवर मेमरीतली ती जागा दुसऱ्याच डिस्कला दिलेली असायची.

"आज सकाळी मी डिस्क ओढली," ती म्हणाली. "पंखे चालू, दिवे हिरवे, तक्रार एक नाही. आणि शेजारच्या डिस्कवर, जिला मी बोटही लावलं नव्हतं, चाचणीसाठी भरलेल्या एका रोग्याच्या रिपोर्टात दुसऱ्याचं रक्त."

सासूबाई चपापल्या. "अगंबाई, रक्त?"

"रक्ताची तपासणी, आई," नवरा म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "एकदाच झालं ना?"

"एकदाच दिसलं."



"उद्या मशीनं हॉस्पिटलात जाऊ द्या," दीर हळूच म्हणाला. "मी मागाहून गुपचूप दुरुस्त करतो. माझं प्रमोशन आहे, वहिनी."

"बोंबलून बंद पडणारं मशीन परवडलं, भाऊजी. हे हसतमुखाने खोटं बोलतंय."

"घरचा माणूस आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

"मंजुरी मी सकाळीच मागे घेतली," ती म्हणाली. "उद्या मशीनं जाणार नाहीत. ओळ लिहिणारे म्हणून भाऊजींचं नाव साहेबांना कळवलंय, डोळे झाकून पास करणारी म्हणून माझं."