वसतिगृहातून गेलेली मुलगी

नांदुऱ्याची ती मिसिंगची केस अजून मनातून गेलेली नाही. बीटी कापसाच्या सुरुवातीची वर्षं होती. मी तिथे ठाणेदार होतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे पंचनामे इतके व्हायचे, की कोणी हरवलं म्हटलं की आम्ही आधी विहिरी बघायचो.

सकाळी हजेरी चालू असताना मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई आणि एक गृहस्थ आले. त्या गृहस्थांची मुलगी वसतिगृहात राहून बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती; पहाटेपासून बेपत्ता.

"जरा विक्षिप्तच आहे," बाई म्हणाल्या. "कोणात मिसळत नाही, नजर देत नाही."

"वेडी नाही हो साहेब," बाप म्हणाला. "लहानपणापासून तिले गोंगाट सहन होत नाही. अभ्यासात हुशार आहे."

मी मिसिंग दाखल करून घेतली आणि माणसं पाठवली. तेवढ्यात बसस्टँडवरच्या चहावाल्याचा निरोप आला. कानांवर हात दाबलेली एक मुलगी रेल्वे फाटकाकडे जाताना त्याने पाहिली होती. रूळ पाहिले, जवळच्या विहिरी पाहिल्या. काही सापडलं नाही.

मग वसतिगृहात जाऊन महिला शिपायासमोर तिच्या खोलीतल्या मुलींना एकेकीला विचारलं. पहिलीने, दुसरीने पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. तिसरी रडायला लागली. स्नेहसंमेलनाच्या तालमीत ही कान झाकायची, म्हणून दोघींनी तिचे हात धरून तिला लाउडस्पीकरसमोर उभं केलं होतं. सगळे हसले. त्यानंतर तिचं जेवण सुटलं, झोप गेली. तिने रेक्टरबाईंकडे तक्रार केली, तर "नाटकं बंद कर" एवढंच उत्तर मिळालं.

"ती कोणाशी बोलायची?"

"वर्गातल्या एकीशीच. पिंजाऱ्याची मुलगी आहे. गावातच राहते."

त्या मुलीला कॉलेजातून बोलावून घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"रेल्वे फाटकापलीकडं आमच्या घरामागं पिंजलेल्या कापसाची खोली आहे, साहेब. आत आवाज येत नाही. ती कधीकधी तिथं येऊन बसते. अब्बा फेरीवर गेलेत, आज तिकडं कोणी फिरकलं नसेल."

तिला आणि बापाला घेऊन आम्ही निघालो. बोळाच्या तोंडाशी तिने जीप थांबवायला लावली.

"इंजन बंद करा. तिले कोणी हात लावू नका. मी एकटीच जातो."

एकोणीस वर्षांची पोर ठाणेदाराला हुकूम देत होती, आणि तो मोडावा असं मला वाटलं नाही. आम्ही पायी मागच्या अंगणापर्यंतच गेलो; तिथून अर्धवट उघड्या दारातून दिसत होतं. हरवलेली मुलगी कापसाच्या गासड्यांना टेकून अंग चोरून बसली होती. मैत्रीण तिच्यापासून चार हात लांब बसली. विचारपूस नाही, समजूत नाही. बाप माझ्या शेजारी उभा होता. त्यानेही हाक मारली नाही. दुपार कलली तेव्हा ती मुलगी आपणहून उठली आणि बाहेर आली.

जबाबात ती एवढंच म्हणाली, "मले मराचं नव्हतं. फक्त आवाज थांबायला पाहिजे होता."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बापाला समजावून सांगितलं. मुलगी स्वमग्न होती. ते तिचं जन्मजात वेगळेपण. आजार होता तो नैराश्याचा, छळातून आलेला, बरा होणारा. त्या दोन मुलींना पालकांसमोर समज दिली आणि कॉलेजने रेक्टर बदलली. तरी ती मुलगी वसतिगृहात परतली नाही. पिंजाऱ्याच्या घरी राहून तिने पदवी पूर्ण केली. मधे गोळ्या घ्याव्या लागल्या, एक वर्ष वाया गेलं, पण तिने कॉलेज सोडलं नाही. ते धैर्य मी फार थोड्या माणसांत पाहिलं.

माणसाला बोलतं कसं करायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. त्या दिवसानंतर मी गप्प बसायलाही शिकलो. पुढे कित्येक घाबरलेले साक्षीदार माझ्याशी त्यामुळेच बोलले.

परत येताना जीपमध्ये मी त्या मैत्रिणीला विचारलं होतं, "ती उठलीच नसती तर?"

"तर बसलो असतो अजून," ती म्हणाली.